राग्नहिलकडची चाल

आमच्या त्वेरदालच्या दरीत कुणी वाजवायला बसलं की आधी नाव घ्यावं लागतं. स्वतःचं नव्हे, ते सगळ्यांना ठाऊकच असतं, आणि ठाऊक नसेल तर जाणून घ्यायची कुणाला घाईही नसते. नाव घ्यायचं ते चाल ज्याच्याकडून आली त्याचं. 'ही गिरणीवाल्या शुर्दकडची', 'ही माझ्या आजोबांकडची, त्यांना आंधळ्या निल्सनं दिली'. एवढं झालं की लोक खुर्चीत नीट बसतात आणि मग ऐकतात. नाव न घेता कुणी सुरुवात केलीच, तर मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "कुणाकडची?" त्यात राग नसतो. तिकीट तपासणारा विचारतो तसा तो प्रश्न असतो, आणि तिकीट नसलं की जे होतं तेच पुढं होतं.

सुनिवा क्वोले चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. लग्नं, बारशी, मयती आणि रविवारची सकाळ, हे पोटापाण्याचं काम. उरलेला वेळ ती घरी स्वतःचं संगीत करत बसायची, आणि ते नक्की काय प्रकरण आहे हे दरीत कुणालाच धड सांगता येत नसे. ऑस्लोला जाऊन ती पियानो शिकून आली होती. हात चांगला होता, तिथल्या मास्तरांनी 'थांब इथंच' म्हणून सांगितलं होतं. पण तिला पियानोवर वाजवायच्या होत्या आपल्याकडच्या गुराख्यांच्या हाका, अंगाया, फिडलवरचे नाच. आणि तेही इतके सावकाश, इतके विचारात पडल्यासारखे, की दोन सुरांच्या मधे खिडकीबाहेरचा ओढा ऐकू यावा. 'सुनिवाच्या चालीवर नाचायला पाय उचलला तर तो खाली टेकेपर्यंत माणूस पेन्शनीत निघतो,' असं हाल्वोर म्हणायचा. हाल्वोर म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना फिडलवाला. तरफांचं फिडल त्याच्या हनुवटीखाली जन्मापासून चिकटलेलं असावं असंच आम्हाला वाटे. चालींच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता.

सुनिवाचा नवरा आस्लाक जंगलात लाकूडतोडीला जायचा. सुराशी त्याचं जन्माचं वैर. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत सगळ्यात मोठा झेंडा मुद्दाम त्याच्या हातात देत, म्हणजे तो उचलून त्याला धाप लागेल आणि गाणं बंद राहील. तो हसत हसत झेंडाही न्यायचा आणि गायचाही. बायकोच्या संगीतातलं त्याला काडीचं कळत नव्हतं, पण खालच्या अंगाचं प्रार्थनाघर बंद पडलं आणि तिथली जुनी पायपेटी लाकडाच्या भावात निघाली तेव्हा ट्रॅक्टरला गाडा जोडून ती घरी आणणारा तोच. सुनिवानं तिचा भाता नवीन केला, उंदरांनी खाल्लेले पट्टे बदलले. पियानो एका भिंतीला, पायपेटी दुसऱ्या, आणि मधल्या टेबलावर तिनं जुनी घेतलेली विजेची पेटी. तिला इतक्या कळा होत्या की आस्लाक तिला 'विमान' म्हणायचा. एका हातानं एक आणि दुसऱ्या हातानं दुसरं वाजवत सुनिवा त्यांच्या मधे बसायची.

पायपेटीतला एक गंधार केसभर चढा होता. त्याची पितळी पट्टी बुडाशी किंचित घासली की सूर उतरतो. सुनिवाचे हात त्या आठवड्यात भाजले होते, म्हणून तिनं आस्लाकला कानस दिली आणि 'हळू, अगदी हळू' म्हणून सांगितलं. लाकडं कापणाऱ्याचं हळू ते किती हळू असणार! सूर उतरला तो असा उतरला की ना शुद्ध राहिला, ना कोमल झाला. दोन्हीच्या मधेच कुठं तरी जाऊन बसला. बदलायला दुसरी पट्टी मिळेना. सुनिवा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी बटाटे उकळत असताना ती सहज पायपेटीशी बसली, बोट चुकून त्या गंधारावर पडलं, आणि तिथंच थांबलं. बटाट्यांचा लगदा झाला, पण आस्लाकनं तो मुकाट्यानं खाल्ला.

त्या बिघडलेल्या सुराभोवती ती चाल जमायला लागली. आस्लाक जेवणाच्या टेबलाशी बसून कुऱ्हाडीला धार लावायचा आणि मधेच विचारायचा, "हा माझाच ना गं?" आणि तो सूर आला की सुनिवा मान डोलवायची. चाल पुरी व्हायच्या आधीच, बर्फ वितळायच्या दिवसांत, एक झाड भलत्या बाजूला पडलं आणि आस्लाक गेला. पुढच्या हिवाळ्यात तिनं चाल पुरी केली. तिला दुसरं काही करताच येत नव्हतं.

शरदातल्या मेळाव्यात तिनं ती पहिल्यांदा वाजवली. मेळावा भरतो त्या गावघरापर्यंत पायपेटी नेणं अशक्य, म्हणून विजेच्या पेटीची कळ फिरवून तो मधला सूर तिनं तंतोतंत जुळवून घेतला होता. वायरी जोडत होती तेव्हाच हाल्वोर म्हणाला, "काय गं, हे कपडेही धुतं का?" सगळे हसले. सुनिवाही हसली. मग मागून आलंच, "कुणाकडची?"

"माझी."

"तुझी ते कळलं. दिली कुणी?"

"कुणी नाही. मी केली."

"बरं," मागचा म्हणाला.

आमच्याकडं 'बरं' म्हणजे दार लावून घेणं. लोकांनी सभ्यपणे ऐकली. पाद्र्याच्या प्रवचनानंतर माना हलवतात तशा माना हलवल्या आणि कॉफीकडं वळले. हाल्वोर कपबशी घेऊन तिच्यापाशी आला. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, म्हणून ते जास्त वाईट झालं.

"हात चांगलाय तुझा, पोरी. पण चाल काही घरी बसून होत नाही. ती कुणाकडून तरी यावी लागते. आणि या पट्ट्यांच्या वाद्यात एक सूर इथं, एक तिथं. मधलं कुठं गेलं?"

"मधलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

"ते मशीन होतं गं."

नवऱ्याचं उरलेलं एवढंच एक लोकांपुढं नेऊन ठेवावं आणि लोकांनी त्याला मशीन म्हणावं. सुनिवा लेफ्सेचा, बटाट्याच्या त्या मऊ पोळीचा, तुकडा तोंडात घोळवत उभी राहिली, आणि तिच्या मनात जे आलं ते काही चांगलं नव्हतं.

वर्षभर तिनं ते मनात ठेवलं. पुढच्या शरदात पुन्हा तेच गावघर, तीच माणसं, शिवाय पलीकडच्या दरीतले पाहुणे आणि रेडिओचा एक माणूस. तिनं वायरी जोडल्या, ताठ बसली आणि कुणी विचारायच्या आतच म्हणाली, "राग्नहिल स्टोरोकडची."

हा विनोद होता. दरीतल्या शेंबड्या पोरालाही तो कळायला हवा होता. राग्नहिल स्टोरो म्हणजे डोंगरावर शेळ्या घेऊन एकटी राहिलेली आणि एकटीच मेलेली बाई. पाद्र्यावर तिनं बादली फेकली होती. सुनिवा लहानपणी तिच्याकडं टपाल घेऊन जायची, आणि त्या बाईच्या तोंडून तिनं शेळ्यांना घातलेल्या शिव्यांखेरीज काही ऐकलं नव्हतं. राग्नहिल गायली असं म्हणणं म्हणजे दगड नाचला म्हणणं. लोक हसतील, मग ती म्हणेल, 'बघा, नावच हवं होतं ना तुम्हाला?' आणि गेल्या वर्षीचीच चाल पुन्हा वाजवेल. नाक खाली जाईल एकेकाचं.

कुणी हसलं नाही. 'मी कधी ऐकली नाही, पण टपाल घेऊन येणाऱ्या पोरीला म्हणून दाखवली असेल,' असं प्रत्येकानं आपापल्या मनात ठरवून टाकलं. सुनिवा थांबली, अजून थोडी थांबली, आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून तिनं वाजवायला सुरुवात केली. तो सूर आला तेव्हा हाल्वोरनं डोळे मिटले. संपल्यावर तो उभा राहिला, आणि तो उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले.

"ऐकलंत?" तो रेडिओवाल्याला म्हणाला. गालांवर पाणी होतं त्याच्या. "तो गंधार ऐकलात? चर्चमध्ये ऑर्गन यायच्या आधी इथली माणसं अशी गायची. हा सूर कुणाला करता येत नाही. हा असावा लागतो."

खरं काय ते सांगायला सुनिवानं तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात राग्नहिलची भाची ओलाउग गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं सुनिवाचा हात दोन्ही हातांत धरला. ओलाउग खालच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, आणि तिनं कुणाचा हात असा धरलेला आम्ही पाहिला नव्हता.

"आत्या माझ्याशी आयुष्यात एक शब्द धड बोलली नाही गं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तिला माणूसच नको होतं. आणि तुला ती गाऊन दाखवत होती! म्हणजे होतं तिच्यात काहीतरी."

आता यावर काय सांगणार? पुढच्या आठवड्यात सांगू, सुनिवाला वाटलं. दुकानात गेले की बाजूला घेऊन सांगू.

पुढच्या आठवड्यात चाल रेडिओवर लागली. हिवाळ्यात हाल्वोरनं ती फिडलवर बसवली, थोडी जलद केली, सुनिवानं सोडलेल्या मोकळ्या जागा भरून काढल्या. पलीकडच्या दरीतल्या पोरांनी त्याच्याकडून घेतली. लोक मयतीत मागायला लागले. सुनिवाच चर्चच्या ऑर्गनवर बसून 'राग्नहिलकडची' वाजवायची, आणि त्या ऑर्गनमध्ये तो मधला सूर नव्हता म्हणून दर वेळी चाल तिथंच लंगडायची. एका मयतीनंतर मेलेल्याची विधवा तिला म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण खरी अशी नाहीये ती. एकदा हाल्वोरकडं जाऊन नीट घे."

तेव्हा मात्र सुनिवा हाल्वोरकडं गेली. घ्यायला नव्हे, सांगायला. म्हाताऱ्यानं कॉफी ठेवली, तपकिरी चीज कापून पुढं केलं आणि फिडल उचलायला हात पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला एक बोलायचंय. ती चाल राग्नहिलची नाही. माझी आहे. मी चेष्टेनं तिचं नाव घेतलं. गेल्याच्या गेल्या वर्षी मी हीच वाजवली होती, तुम्ही तिला मशीन म्हणालात."

हाल्वोरनं कप खाली ठेवला. "तेव्हा तू वेगळी वाजवली होतीस."

"हीच होती. सुरासूर हीच."

"नाही गं. तेव्हा तिच्यात काही नव्हतं."

"आणि तो तुमचा जुना सूर! आस्लाकनं कानस जास्त मारली म्हणून तो खाली गेला, हाल्वोर. या आत्ता माझ्याबरोबर, पेटी उघडून दाखवते."

हाल्वोरनं चीजची सुरी पुसून बाजूला ठेवली. सुनिवाला वाटलं, समजलं याला. मग त्यानं तिच्या हातावर थोपटलं.

"कानस मारली असेल. पण थांबली बरोबर जागी ना? जुनं असंच परत येतं. कुणाच्याही हातून येतं. आणि राग्नहिलची म्हणशील तर, मी स्वतः ऐकलीये तिच्याकडून. पोरगा होतो. शेळ्या हाकत होती."

"शिव्या ऐकल्या असतील तुम्ही!"

"चाल ऐकली," हाल्वोर म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. हेच तर सगळ्यात वाईट होतं. त्याला खरंच ऐकू येत होतं. त्याच्या पिढीचे सगळे गेले होते, नव्यानं जुनं काही सापडेनासं झालं होतं, आणि म्हातारपणी हे एक त्याच्या हाती लागलं होतं. ते तो असा सोडणार नव्हता. "एकटं राहिलं की माणसाच्या मनात असं येतं बघ," तो मायेनं म्हणाला. "सगळं आपलंच वाटायला लागतं. चीज घे."

ही गोष्ट दुकानात पोचायला वेळ लागला नाही. ओलाउगनं सुनिवाचं सामान पिशवीत भरलं, सुटे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि मान वर न करता म्हणाली, "तुझ्याकडं पियानो आहे, ऑस्लोचं शिक्षण आहे, ढीगभर चाली आहेत तुझ्या. माझ्या आत्याकडं ही एकच होती. तेवढी राहू दे तिच्याकडं."

"ओलाउग, ती तिची नव्हतीच गं."

"मेलेल्या बाईचं ओढून घेऊ नये," ओलाउग म्हणाली. "पुढचा कोण आहे?"

सुनिवानं पुष्कळ दिवस पायपेटीला हात लावला नाही. मग लावला. नवीन चाली केल्या, त्यांतल्या दोन-तीन तर त्या चालीहून चांगल्या असतील, पण त्या ऐकायला कुणी थांबलं नाही. 'राग्नहिलकडची आणली ती सुनिवा' अशी तिची ओळख झाली होती, आणि नुसत्या आणणाऱ्याला कुणी विचारत नाही. तिला चीड यायची, आणि चीड स्वतःचीच यायची. एका वाक्याच्या मजेसाठी तिनं आस्लाकला एका शेळीवालीच्या हवाली केलं होतं.

उन्हाळ्यात, राग्नहिल राहायची त्या स्टोरोला जाणाऱ्या फाट्यावर तिच्या नावाचा दगड उभा केला. पाद्री बोलला, बादलीचा विषय त्यानं काढला नाही. मग सगळे गावघरात जमले. हाल्वोरचे हात आता थरथरत होते, म्हणून चाल सुनिवानं वाजवावी असं ठरलं. ती नाही म्हणणार होती. मग आदल्या दिवशी ती हो म्हणाली, कारण तिनं मनाशी एक ठरवलं होतं. 'माझी' म्हटलं की लोकांना ऐकू येत नाही. ठीक आहे. पण ज्याच्याकडून आली त्याचं नाव घ्यायचा रिवाज तर यांचाच आहे ना? मग तो पाळू. मेळाव्यात, सगळ्यांसमोर, वाद्यापाशी बसून घेतलेलं नाव आजवर आमच्याकडं कुणी खोडून काढलेलं नाही.

ती बसली. पहिल्या रांगेतून हाल्वोरनंच हसत हसत, रीत म्हणून विचारलं, "कुणाकडची?"

"आस्लाक क्वोलेकडची," सुनिवा म्हणाली. "माझ्या नवऱ्याकडची."

खिडकीपाशी कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं गावघर हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. आस्लाकचं नाव कितीतरी दिवसांत कुणी काढलं नव्हतं, आणि आता तो सगळ्यांना एकदम आठवला होता, तो झेंडा, त्याचं ते बेसूर ओरडणं, वाढदिवसाचं गाणं गायला लागला की पोरं कान झाकायची ते. बायका डोळे पुसत होत्या. पाद्रीसुद्धा हसत होता.

"आस्लाक!" हाल्वोरला ठसका लागला. "अगं, आस्लाककडून चाल! शेळ्या पळाल्या असत्या डोंगरापलीकडं!"

"खरं सांगतेय मी," सुनिवा म्हणाली, पण ते पहिल्या रांगेपर्यंतही पोचलं नाही.

तिला रडू आलं नाही. लाज वाटली. आस्लाकची नव्हे, ज्या माणसाला तिच्याखेरीज कुणी सुरात धरलं नाही, त्याला पुन्हा एकदा हसायला म्हणून इथं आणून उभं केल्याची. हसणं ओसरायला वेळ लागला. एकटी ओलाउग हसली नव्हती. ती आपल्या चांगल्या कपड्यांत, मांडीवर पर्स ठेवून, सरळ सुनिवाकडं बघत होती.

"चला, हसून झालं," हाल्वोर म्हणाला. "आता खरं नाव घे आणि वाजव. लोक लांबून आलेत."

सुनिवानं पट्ट्यांकडं बघितलं.

"राग्नहिल स्टोरोकडची," ती म्हणाली, आणि लोक खुर्चीत नीट बसले.

तिनं वाजवली. कुठं थांबली नाही, मोकळ्या जागा सोडल्या नाहीत. एकदाची संपावी म्हणून भरभर वाजवून मोकळी झाली. टाळ्या खूप पडल्या. कॉफीच्या वेळी ओलाउग स्वतः ताटली घेऊन आली, लोणी आणि साखर लावलेली लेफ्से गुंडाळून तिच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच तिच्याशी पूर्वीसारखी बोलली.

"आज छान झाली हो. अगदी हाल्वोरसारखी."

"बरं," सुनिवा म्हणाली, आणि लेफ्से खाल्ली.